एक खुर्ची जास्त

सकाळचे सात वाजून गेले होते. शाळेत निघायच्या गडबडीत मी एका हाताने डबा भरत होते आणि दुसऱ्या हाताने चष्मा शोधत होते, तेवढ्यात फोन वाजला. विजापूर रोडवर अण्णांचं अपार्टमेंट आहे, तिथले वॉचमन सिद्रामप्पा बोलत होते. "ताई, अण्णांच्या खुर्च्या आज खाली आल्या न्हाईत. साडेसहाला येत्यात बगा. दार वाजवू का नको, काय सुचंना." मी म्हटलं, वाजवा, मी निघालेच. त्यांनी दार वाजवलं तेव्हा अण्णांच्या बायकोने, अक्कांनी, ते उघडलं आणि उलट त्यांनाच दटावलं, "झोपू दे की जरा, काल अक्कलकोटला जाऊन दमलंय माणूस." मग त्या आत गेल्या, चहाला उठवायला... मी पोचले तेव्हा अक्का पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि अण्णांची रजई नीट करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बग गं, न सांगता गेला. माझ्याशी बोलल्याबिगर कुटं जात न्हवता."

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मल्लिनाथ अण्णा माझे कोणी नात्यातले नव्हते. मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते सोलापुरातही नाही, तर सोलापूरपासून हजारो मैल लांब, बेल्जियममधल्या एका लहानशा गावात. तिथे मागाची यंत्रं बनवणारा कारखाना आहे. अण्णांनी उभा जन्म सोलापुरात टॉवेलच्या मागांवर काढलेला. नुसत्या खडखडाटावरून माग कुठे आजारी आहे ते त्यांना कळायचं, म्हणून त्या कारखान्याने त्यांना बावन्नाव्या वर्षी बोलावून घेतलं. माझा नवरा सुहास तिथेच संगणकाच्या बाजूला. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. त्या पाच मजली इमारतीत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि अण्णा-अक्कांचं पहिल्या. दोन सोलापुरी जोडपी एका जिन्यावर! मला वाटलं, देव पावला. पण पहिल्या भेटीतच अक्का मला घाबरवून गेल्या. त्या बसल्या होत्या, पडदे ओढलेले, टीव्ही चालू आणि आवाज बंद. मी काही विचारलं की अण्णाच उत्तर द्यायचे. तिथे आल्यापासूनच्या आठ महिन्यांत बाईचं वजन इतकं उतरलं होतं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकायच्या. स्वयंपाक करायच्या, जेवायच्या मात्र नाहीत. दुपारभर झोपायच्या आणि आठवड्यातून एकदा बहिणीशी फोनवर कानडीतून बोलताना रडायच्या.

अण्णांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं. सगळं ठीक निघालं. शेवटी त्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला, नवरा सोडून आठवड्यात किती माणसांशी बोलता? हे मला अण्णांनीच नंतर सांगितलं. म्हणाले, "मी बोटं मोजायला हात वर केला आन् तसाच खाली घेतला. एक बी बोट वाकंना." डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. अण्णांनी गोळ्या आणल्या आणि येता येता जुन्या सामानाच्या बाजारातून दोन घडीच्या खुर्च्याही आणल्या. हिरव्या कापडाच्या, एकीचं कापड मधोमध फाटलेलं. ते त्यांनी घरी काढलं आणि सोलापुरी चादरीचा तुकडा कापून तिथे असा ताणून बसवला की आजतागायत एक टाका उसवलेला नाही.

पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजता या दोन खुर्च्या इमारतीच्या मुख्य दाराबाहेर लागल्या. एकीवर माकडटोपी घातलेले अण्णा, दुसरीवर शालीत गुंडाळलेल्या अक्का, मध्ये चहाचा थर्मास. आपल्याकडे दारात खुर्ची टाकून बसलं की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो, या, टेका, काय चाललंय सांगा. तिथे लोक येत होते, मान लववत होते आणि पाय उचलत होते. थंडीने अक्कांचं नाक लाल झालं होतं. मी वरून खिडकीतून बघत होते आणि खरं सांगते, मला लाज वाटत होती. सुहासला म्हटलं, काय हा गावंढळपणा, आता सगळी इमारत आपल्यालाही यांच्यातच धरणार. पुढचे तीन शनिवार मी सायकली ठेवायच्या मागच्या दाराने बाहेर गेले. शिकलेली, नव्या कोटातली, चोरासारखी. अण्णांना हे दिसत नव्हतं असं नाही.

पण पहिल्याच शनिवारी जे झालं ते मी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर मार्टाबाई राहायच्या, निवृत्त नर्स, एकट्या. त्या दोनदा आल्या, दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा काळजीने थांबल्या. या दोन माणसांना एवढ्या थंडीत बाहेर का बसावं लागतंय? त्यांना एकच कारण सुचलं, की यांची किल्ली आत राहून दार लागलं असणार. बिचाऱ्यांना भाषा येत नाही, सांगणार कोणाला? त्यांनी सरळ कुलूपवाल्याला फोन केला. अर्ध्या तासात पेटी घेऊन एक धिप्पाड माणूस हजर! अण्णांना वाटलं, हा आपल्याकडेच आला. ते ताडकन उठले, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि तोंडून जे आलं ते घरचं कानडी, "बर्री, कूड्री!" म्हणजे या, बसा. तो माणूस गोंधळून बसला. अण्णांनी त्याच्या हातात चहा दिला. मार्टाबाई हातवारे करून किल्ली, दार, कुलूप सांगतायत, अण्णा खिशातून किल्ली काढून दाखवतायत आणि कुलूपवाला आलं घातलेला गोड चहा पिऊन आणखी मागतोय... आणि अक्का हसायला लागल्या. शाल तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आठ महिन्यांनी. अण्णा त्या कुलूपवाल्याकडे नाही, अक्कांकडे बघत उभे होते. तसे बघताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी मार्टाबाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. चौथ्या शनिवारी इमारतीच्या कमिटीची चिठ्ठीही आली, की दाराची वाट मोकळी हवी. अण्णा चिडले नाहीत. चिठ्ठी घेऊन कमिटीच्या माणसाकडे गेले आणि इमारतीच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, मग कुठे? त्याने मागच्या अंगणातलं झाड दाखवलं. तेव्हापासून बैठक झाडाखाली, पाऊस असला तर सायकलींच्या खोलीत. मार्टाबाई नर्स त्या नर्सच, त्या अक्कांना बसू देईनात. चहा झाला की कालव्याच्या कडेने चालणं. इरकली साडी, खाली पांढरे बूट, डोक्याला लोकरीची टोपी अशा अक्का पहिल्यांदा वीस मिनिटं चालल्या, वर्षभरात तासभर चालायला लागल्या. गोळ्या हळूहळू कमी झाल्या, डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यानेच. मार्टाबाई पावाला लोणी लावून त्यावर शेंगाची चटणी पसरायच्या आणि डोळे पुसत खायच्या. दोघींची भाषा कोणती होती हे मला कधी समजलं नाही. अक्का सोलापुरी मराठी बोलायच्या, मार्टाबाई त्यांची, आणि दोघींना एकमेकींच्या गुडघ्यांविषयी बिनचूक माहिती असायची.

मी पाचव्या शनिवारी गेले. त्याला कारण होतं. आदल्या दिवशी माझं आणि सुहासचं कडाक्याचं भांडण झालं होतं. नोकरी नाही, मैत्रीण नाही, दिवसभर चार भिंती, आणि त्याला म्हणे मी उगाच कटकट करते. मागच्या दाराने निघाले तर समोरच झाडाखाली बैठक! अण्णांनी एवढंच म्हटलं, "काय करलालीस गं वैशाली? बस की." मी बसले आणि मार्टाबाईंसमोर, आता नेमाने येणाऱ्या कुलूपवाल्यासमोर, कोण कुठल्या मोरोक्कोच्या आजोबांसमोर ढसाढसा रडले. अक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ताटलीत कडक भाकरीचा तुकडा आणि दही ठेवलं. मला आणि सुहासला संसार कसा करायचा हे कुणी शिकवलं नाही, पण त्या शनिवारांनी आम्हाला एकमेकांच्या मानगुटीवरून उतरवलं हे नक्की. तिसऱ्या महिन्यात सुहासही यायला लागला, थर्मास धरायला.

अण्णांचा एक नियम होता. जितकी माणसं, त्यापेक्षा एक खुर्ची जास्त. "रिकामी खुर्ची दिसली तर मानूस थांबतंय. सगळ्या भरल्या की त्याला वाटतंय, यांचं आपसातलं चाललंय." आता खुर्च्या काही झाडाला लागत नव्हत्या. त्यामुळे नवा माणूस आला की अण्णा कोणाला तरी उठवायचे, आणि ते कोणीतरी हमखास मी असायचे. "ऊट गं. तू घरातली. घरातल्यानं उबं ऱ्हायचं." मला राग यायचा. पोटुशी असतानासुद्धा मला एकदा उठवलं होतं या माणसाने! अक्का त्यांच्यावर ओरडल्या, तर स्वतः उठून उभे राहिले. पण नियम मोडला नाही.

नऊ वर्षांनी अण्णा निवृत्त होऊन सोलापूरला परतले. आम्ही त्यांच्यानंतर दोन वर्षांनी. भेटायला गेले तेव्हा वाटलं, आता काय, आपलं गाव, आपली माणसं, खुर्च्यांचं काम संपलं. अण्णांनाही तसंच वाटलं होतं. खुर्च्या माळ्यावर टाकल्या होत्या. पण अक्का आतल्या खोलीत पडून होत्या आणि पडदे ओढलेले होते. सोळा फ्लॅट, सोळा लोखंडी जाळ्या, लिफ्टमध्ये शेजारी शेजारी उभे राहून जो तो मोबाइलमध्ये. समोरच्या दारावर पाटी होती, म्हणून निदान आडनाव तरी माहीत. अण्णा मला म्हणाले, "गाव आपलंच हाय गं. पर ही बिल्डिंग परदेशच हाय की." दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून खुर्च्या उतरवल्या. सोलापूरचं ऊन, म्हणून वेळ साडेसहाची आणि शनिवारची वाट न बघता रोज. आणि गंमत बघा, पहिल्या दिवशी सिद्रामप्पा धावत आले, "अण्णा, किल्ली इसरला काय?" अक्का तिथेच हसून बेजार झाल्या. अण्णांनी सिद्रामप्पांना बसवलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे शेख सर आले, उर्दू शाळेतले निवृत्त, ते तर जणू कोणी बोलवायची वाटच बघत होते. वर्षभरात सात-आठ जण जमायला लागले, प्रत्येकजण आपली खुर्ची घेऊन. बोलणं काय, तर कोणाची शुगर किती, आज पाणी येणार का, पोराचा फोन आला का. अक्का सगळ्यांना घेऊन मैदानाला दोन चकरा मारायच्या, मार्टाबाईंच्या तोऱ्यात. मार्टाबाई महिन्यातून एकदा व्हिडिओवर यायच्या आणि तिकडून ओरडायच्या, "बर्री!"

आमच्या अण्णांना माती दिली ती त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे, समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसवून. मला हे माहीत नव्हतं, मी पहिल्यांदाच पाहत होते. शेख सर माझ्याशेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "बसूनच गेले आपले अण्णा." मला तेव्हा रडू आलं, आणि थोडं बरंही वाटलं, का ते सांगता येत नाही.

पण खरी भीती नंतर सुरू झाली. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि अक्कांच्या खोलीचे पडदे पुन्हा ओढले गेले. मी रोज शाळा सुटल्यावर जात होते. खुर्च्या दारामागे घडी करून उभ्या. अक्का हो-नाही एवढंच बोलायच्या. ताट तसंच. हातातल्या बांगड्या पुन्हा कोपराकडे सरकलेल्या दिसायच्या. दोनदा अण्णांनी त्यांना या खड्ड्यातून वर काढलं होतं, आता कोण काढणार? मी म्हटलं, अक्का, खाली चला. "कुणाशेजारी बसू?" त्यांनी विचारलं. मी घरी येऊन सुहासला म्हटलं, उद्या रविवार आहे, मी स्वतः खुर्च्या खाली नेणार आणि त्यांना उचलून आणणार, मग काय व्हायचं ते होवो.

रविवारी सव्वासहालाच मी स्कूटर लावली. सिद्रामप्पा फाटकातच भेटले आणि त्यांनी हाताने दाखवलं. कडुलिंबाच्या झाडाखाली दोन खुर्च्या होत्या. अक्का एकीवर बसल्या होत्या, पण स्वतःच्या खुर्चीवर नाही, अण्णांच्या, चादरीच्या तुकड्याच्या. पायात पांढरे बूट. शेजारची, त्यांची स्वतःची, रिकामी. शेख सर आपली खुर्ची उघडत होते. मी जवळ गेले, त्या रिकाम्या खुर्चीत टेकणार, तोच अक्कांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"तू घरातली. तू उबी ऱ्हा."

त्या माझ्या पलीकडे बघत होत्या. लिफ्टपाशी एक मुलगी उभी होती, गेल्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावर राहायला आलेली, हातात दुधाची पिशवी, आणि इथून जावं कसं या विचारात पडलेली.

"बर्री," अक्कांनी हाक मारली, "कूड्री."