गोधडीला भोकं कोणी पाडली?

आमच्या गोधडीला भोकं पडायला लागली तेव्हा मी पहिला संशय उंदरांवर घेतला आणि दुसरा सुनेवर.

उंदरांवरचा संशय मला लवकरच मागे घ्यावा लागला. उंदीर कुरतडतो तेव्हा कापडाच्या चिंध्या होतात. ही भोकं गोल होती, तुरीच्या दाण्याएवढी, सगळी मधोमध आणि एकमेकांना चिकटून. एवढा शिस्तीचा उंदीर असता तर आम्ही त्याला ग्रामपंचायतीत निवडून दिला असता!

उरली सून. कविता तशी चांगली आहे. (म्हणजे माझ्यासमोर चांगली आहे. पाठीमागची खात्री मी कोणाचीच देत नाही.) गोधडी मी माझ्या जुन्या लुगड्यांची स्वतः शिवलेली. ती तिच्यासमोर पसरली आणि विचारलं, "कविता, हाई भोकं कोणी पाडात?"

"माले काय माहीत आई? जुनी शे ती गोधडी."

"जुनी तर मी बी शे. माले पडनात का भोकं?"

ती हसली नाही. पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली. निर्दोष माणूस तोंडाला पदर लावत नाही. मी लक्षात ठेवलं.

गोधडी झटकली तर आतून शिशाचे चपटे तुकडे पडले. आता गोधडीत कापूस निघेल, हरवलेली सुई निघेल, शिसं कसं निघेल? मी चौथीपर्यंतच शिकले आहे, पण करणी ओळखायला चौथी पुरते. मी ते तुकडे लिंबू-मिरचीसोबत कागदात बांधले आणि लांब नाल्यात टाकून आले. येताना मागे वळून पाहिलं नाही. त्यामुळे बैल दिसला नाही, आणि त्याने मला बाभळीत ढकललं. ते वेगळं.

त्याच आठवड्यात अंगणाच्या कुंपणभिंतीवर काळा ठिपका उगवला. वाटीएवढा, गोल. बोट लावून पाहिलं तर तव्याची काजळी. मी पुसला. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर! मी पुन्हा पुसला, तो पुन्हा आला. शेवटी मी त्याच्यासमोर पाट टाकून राखणीला बसले. तेव्हा मात्र तो आला नाही. ठिपकासुद्धा माणूस पाहून वागतो, अशी माझी खात्री पटली.

मग लग्नपत्रिका गेल्या. आलेली प्रत्येक पत्रिका मी जपून ठेवते. कोणी आपलं नाव कोणत्या ओळीत छापलं हे विसरून चालत नाही. तर पत्रिकांचा गठ्ठाच अर्धा झालेला. त्यातली एक मला रिकाम्या गोठ्यात सापडली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला काळं वर्तुळ काढलेलं आणि पुढे नवरदेवाच्या नावातून आरपार भोक! माझ्या भाचीच्या नवऱ्याचं नाव. मी लगेच भाचीला फोन लावला.

"तुन्हा नवरा बरा शे ना?"

"बरा शे मावशी. काब्रं?"

"छातीमा दुखस का त्याले?"

"नही वं मावशी, जेवी ऱ्हायना तो."

"मग त्याले सांग, जास्त जेवू नको," असं म्हणून मी फोन ठेवला. माझ्याकडून मी सावध केलं.

आता सांगते नातीचं. रोशनी नंदुरबारला कॉलेजात जाते. एका दुपारी मी पाहिलं, तर ही अंगणात उभी. उजवा हात सरळ पुढे, हातात पाण्याने भरलेला तांब्या, डावा हात कमरेवर, श्वास रोखलेला, आणि एक डोळा मिटलेला. तोंड त्या काळ्या ठिपक्याकडे. तांब्या थरथरत होता, पण पोरगी हलत नव्हती.

"रोशनी, काय करी ऱ्हायनी?"

"योगा शे आजी."

योगा! मी भिंतीकडे पाहिलं. आमची कुंपणभिंत खांद्याएवढी. पलीकडे सुमनचं अंगण. त्या अंगणात सुमनचा मुलगा भूषण मोटारसायकल पुसत होता आणि तिचे सासरे तुळशीराम आप्पा बाजेवर बसून बिडी ओढत होते. पोरगी एक डोळा मिटून त्या दिशेला बघते. बाजेवरच्या आप्पांना तर ती डोळा मारणार नाही. मग राहिलं कोण?

आणि सुमन काय कमी? दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून डोकं काढून म्हणाली, "काकू, तुन्ही नात मन्हा पोऱ्याले डोळा मारस."

"तुन्हा पोऱ्या कसाले दखस तिन्हाकडे?"

"तो गाडी पुसस!"

"रोज? एवढी धूळ तर एस. टी. वर बी नही बसत!"

सुमनने डोकं खाली घेतलं. मी ठरवलं, पोरीला विचारायचं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतं, शोधलं की वस्तू खरं बोलते. सगळे कामात असताना मी तिची पेटी उघडली, कपाट चाळलं, मग धान्याची पत्र्याची कोठी उघडली. ज्वारीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. टॉवेल सोडला आणि मी तिथेच खाली बसले.

पिस्तूल!

काळं, जड, लाकडी मुठीचं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं लागलीच जुळलं. करणी बिरणी काही नाही, हे त्याहून मोठं होतं. भूषणने गुजरातेतून आणलं असणार. रस्ता समोरच आहे, मोटारसायकल आहे, आणि ती तो एवढी पुसतो कशाला? पुरावे पुसतो! आता पोलीस येणार, घर उलटंपालटं करणार, आणि त्यात माझ्या नातीचं नाव येणार.

ओरडणाऱ्यांतली मी नाही. मी पिस्तूल टॉवेलासकट उचललं आणि अशा जागी लपवलं जिथे पोलीससुद्धा हात घालायला धजणार नाही. वाळलेल्या लाल मिरचीच्या पोत्यात! पार मध्यभागी. पोत्याचं तोंड पुन्हा शिवलं, हिरव्या दोऱ्याने, माझ्या गोधडीच्या टाक्याने. मग डोळे धुतले आणि पहिल्यांदा मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

सकाळी मी सुमनकडे भूषणची उलटतपासणी घ्यायला गेले. त्याने बराच वेळ गाडीच्या मायलेजबद्दल सांगितलं. गुन्हेगार किती बोलतो, असं मनात म्हणत मी परत आले, तर घरात रोशनी कोठीतली ज्वारी उपसून रडत होती आणि कविता तिच्याबरोबर ज्वारी उपसत होती.

"काय हरायनं?" मी विचारलं.

"आजी, मन्हं पिस्तूल! कोणी लिधं?"

बिनधास्त! जशी काही केसांची पिनच हरवली होती.

"मी लिधं," मी म्हणाले. "आनि आते तू माले सांग, कोणी दिधं ते."

रडत, हुंदके देत तिने सांगितलं ते असं. कॉलेजच्या खेळाच्या सरांचं जुनं हवेचं पिस्तूल होतं ते. त्यातून छर्रा सुटतो, गोळी नाही. नवीन घ्यायची कोणाची ऐपत नाही, म्हणून तीन मुली एकच पिस्तूल आळीपाळीने घरी नेतात. नेम धरायला शिकायचं तर सरावाची जागा हवी, ती रिकाम्या गोठ्यात सापडली. मागे जाड मातीची भिंत, तिच्यावर छर्रे अडवायला गोधडी. निशाण्याचे कागद विकत आणायला नकोत म्हणून लग्नपत्रिकांची कोरी बाजू. हात स्थिर व्हावा म्हणून भरलेला तांब्या आणि नजर बसावी म्हणून काजळीचा ठिपका. आणि आज दुपारी नंदुरबारला जिल्ह्याच्या नेमबाजी संघाची निवड!

"आनि गोधडी कोणी दिधी?" मी विचारलं.

कविता खाली बघत म्हणाली, "मी, आई."

म्हणजे माझा दुसरा संशय बरोबर होता! पिस्तूल मिरचीच्या पोत्यात आहे एवढं सांगून झाल्यावर हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. पण कोणी ऐकायला नव्हतं, कारण दोघी मिरचीच्या खोलीकडे धावल्या होत्या. खोली रिकामी होती.

संजय, म्हणजे माझा मुलगा, भाव चढल्याचं ऐकून सकाळीच सगळी पोती गाडीत घालून नंदुरबारच्या बाजारात गेला होता. मी सुमनकडे गुन्हेगार शोधत होते तेव्हाच!

"बाबाले सांगेल नही शे," रोशनी म्हणाली. "त्यास्ले समजनं ते बंद करतीन."

संजय मनाने वाईट नाही. फक्त खर्चाचं नाव काढलं की त्याला ऐकू येत नाही. आम्ही फोन लावला. लिलावात असला की त्याला फोनही ऐकू येत नाही.

तिघी जणी मिळेल त्या जीपमध्ये चढलो. कविता रस्ताभर देवाचं नाव घेत होती, रोशनी नखं खात होती. मी ड्रायव्हरवर लक्ष ठेवून होते, कारण तो मुद्दाम हळू चालवतो असा माझा संशय होता.

नंदुरबारचा मिरची बाजार ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगू? जिकडे बघावं तिकडे लाल. पोत्यावर पोती आणि सगळी एकसारखी. शिंकत शिंकत मी हिरवा दोरा शोधत होते. आणि दिसला! आमचाच संजय उभा, शेजारी हमाल, आणि हमालाच्या हातात माझ्या टाक्यावर टेकवलेला विळा.

"अरे थांब! कापू नको!" मी ओरडले.

त्याने कापलं. पोतं ताडपत्रीवर ओतलं. लाल मिरचीचा ढीग झाला, ढिगावरून टॉवेल घरंगळला, आणि टॉवेलातून पिस्तूल व्यापाऱ्याच्या पायाशी येऊन पडलं.

हमाल पोत्यांमागे गेला. व्यापारी, चांगला पोट सुटलेला माणूस, दोन्ही हात वर करून उभा राहिला. मी पुढे झाले, पिस्तूल उचललं आणि पदराने पुसायला लागले. माझा हेतू साफ होता. पण पुसताना त्याचं तोंड व्यापाऱ्याकडे वळलं त्याला मी काय करू?

"आजी, भाव वाढवून देतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तो!"

"वाढवा," मी म्हणाले. आलेली संधी सोडायला मी काय वेडी आहे?

संजयच्या चेहऱ्याचा रंग मिरचीच्या वर गेला होता. रोशनीने लोकांना छर्रा, निवड, सर, सगळं ओरडून समजावलं. बाजार हसायला लागला. संजय हसला नाही.

"हाई खूळ कधीपासून?" त्याने विचारलं. मग हळू आवाजात म्हणाला, "इथपर्यंत उनी शे, ते जा. निवड व्हयनी ते दखसूत. नही व्हयनी, ते आजपासून बंद."

मी पोरीकडे पाहिलं. आता हरली असती तर माझ्यामुळे हरली असती, आणि ती मला जन्मभर ऐकवत बसली असती. मी तिच्या जागी असते तर ऐकवलंच असतं.

निवडीच्या हॉलमध्ये आधी हत्यारं तपासत होते. तपासणाऱ्या साहेबांनी पिस्तूल उलटंसुलटं केलं, मूठ चाचपली, चष्मा वर केला आणि डोळा चोळला.

मग त्यांनी दुसरा डोळा चोळला.

"याला काय लावलंय?" ते ओरडले.

"तिखट," मी म्हणाले. "घरचंच आहे. रंग घातलेला नाही."

त्यांचे डोळे धुवून होईपर्यंत कार्यक्रम थांबला. रोशनीने मूठ खोबरेल तेलाने पुसली, मग फडक्याने कोरडी केली. साहेबांनी पिस्तूल पुन्हा तपासलं, यावेळी रुमालात धरून, आणि ती उभी राहिली. शेजारच्या मुलींच्या नाकाला तो वास झोंबत होता, त्या शिंका दाबत होत्या. आमची पोरगी हलली नाही. आमच्या घरात जन्मलेलं पोर पहिला श्वासच मिरचीचा घेतं. तोच उजवा हात, तोच मिटलेला डोळा. फक्त तांब्याच्या जागी पिस्तूल. हात थरथरत नव्हता. थरथरत मी होते. ते पंख्यामुळे.

निवडलेल्यांची नावं वाचली. रोशनीचं नाव सगळ्यांत शेवटी आलं, पण आलं. कविता रडली. आमच्या मागोमाग आलेल्या संजयने फक्त एवढंच विचारलं, "छर्रा कितले पडस?" त्याने खर्चाचं आपणहून विचारलं, तेव्हाच मी समजले की खूळ बंद होत नाही.

आता गोठ्यात नवी गोधडी आहे, छर्रे अडवायला खास जाड शिवलेली. मीच शिवली. (जुनीवर आप्पांचा कुत्रा झोपतो. त्यातही मला संशय आहे, पण असो.) एकदा रोशनी कॉलेजला गेलेली असताना मला वाटलं, या ठिपक्यात असं आहे तरी काय, आपण पाहावं. तांब्या भरला, हात पुढे केला, श्वास रोखला आणि एक डोळा मिटला. चांगला वेळ उभी राहिले. ठिपका काही हलला नाही, मीही हलले नाही.

संध्याकाळपर्यंत सुमनने गावभर सांगितलं होतं, की काकू मन्हा सासराले डोळा मारस.

मी जाऊन चांगली भांडले. छर्रा, नेम, श्वास, सगळं समजावून सांगितलं. सुमनला पटलं, गावाला पटलं. पण तुळशीराम आप्पा रोज दुपारी दाढी करून बाजेवर बसतात, त्यांना कसं पटवू?