आभाराचं पान मी जुळवलं

माह्याच पुस्तकाचा समारंभ, अन् मी वहाणांपाशी उभा.

अमरावतीच्या एका वाचनालयाचा हॉल. वर व्यासपीठावर वकीलसाहेब, मधात डेप्युटी कमिशनर, बाजूले गावातले पगडीवाले. खाली सतरंजीवर बाकीची मंडळी. अन् दाराच्या आत, जिथं लोकाईनं वहाणा काढल्या होत्या, तिथं मले जागा नेमून दिली होती. मी कोण? त्या कादंबरीचा लेखक.

वकिलाचा कारकून अत्तरदाणी घेऊन फिरून राहिला होता. एकेकाचा हात हातात घ्यायचा, मनगटावर अत्तर लावायचं, पुढे सरकायचं. फिरत फिरत माह्यापाशी आला. मीही हात पुढे केला. आजवर मले कोणी अत्तर लावलं नव्हतं, अन् खोटं कायले सांगू, मले हौस होती. कारकून थबकला. त्यानं वळून वकिलाकडे पाहिलं. वकिलानं वरूनच नुसती मान हलवली. मंग त्यानं अत्तरदाणी खाली ठेवली, गुलाबदाणी उचलली, अन् चार हात दूर राहून माह्या अंगावर शिंपडलं. डोळ्यात गेलं.

"झालं तुझंही," तो म्हणाला.

गुलाबपाणी दुरून देता येते. अत्तराले हात धरा लागते. एवढं त्या कारकुनाले बरोबर समजत होतं. पुढे केलेला हात आता कुठं ठेवू, हे मले सुचेना. शेवटी पाठीमागं नेला.

हे वकीलसाहेब आमचे कैवारी, बरं का. नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचा माणूस म्हणून जायचं होतं त्याईले. त्यासाठी एक अस्पृश्य हवा होता. लिहिता-वाचता येणारा, पण जास्त न बोलणारा. मी सापडलो.

मी छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे अक्षर-खिळे वेचायचे, ओळीनं लावायचे, पान तयार करायचं. महाराचं पोर अन् बामणाचा छापखाना, हे जमलं कसं, असं लोक विचारत. मालक सांगत, "शिशाला विटाळ नसतो. ते अग्नीतून आलेलं असतं." कोणत्या शास्त्रात हे लिहिलंय, देव जाणे. खरी गोष्ट एवढीच, का माह्याएवढा भराभर जुळवणारा दुसरा गावात नव्हता. म्हणून शिशाले विटाळ नाही, शाईले नाही, कागदाले नाही. माठाले मात्र होता. अमरावतीचा उन्हाळा, टिनाचं छप्पर, दिवसभर उभं काम. घसा कोरडा पडला का मी गल्ली ओलांडून करीमचाचाकडे जायचो. करीमचाचा जिल्दसाज, आमच्या छापखान्याचीच पुस्तकं बांधायचा. मी दारात दिसलो का तो सुई थांबवे, गिलास विसळे, भरून पुढे सरकवे. कधी उपकाराचा एक शब्द नाही. त्याच्या दुकानात बसून मी कादंबरी लिहिली, वाया गेलेल्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

गोष्ट होती अकोल्याच्या कापसाच्या जिनातल्या बायांची. माही माय त्याच जिनात सरकी-रुईत राबायची. रविवारी मी गाडीनं अकोल्याले जायचो अन् लिहिलेलं प्रकरण तिले वाचून दाखवायचो. तिले अक्षर येत नव्हतं. ती ज्वारी निवडत ऐके. जिथं मी फुगवून लिहिलं असन, तिथं तिचा हात थांबे. "हे खोटं हाय." एका बाईले मी जिनात ओक्साबोक्शी रडवलं होतं. माय म्हणे, "जिनात कोनी रडत नाई रे बाप्पा. नाकातोंडात रुई असते. रडाले दम कुठून आनावं?" मी ती ओळ खोडली. अशा किती ओळी तिनं खोडायले लावल्या, सांगता सोय नाही. पुस्तक जे काही उभं राहिलं, ते त्यामुळं.

मालकानं वकिलाले सांगितलं, आमच्या जुळाऱ्यानं कादंबरी लिहिली. झालं. साहेबाले निवडणुकीच्या तोंडावर घबाड सापडलं. पुस्तक छापायचं ठरलं. प्रस्तावना त्याईचीच. त्यात मी 'चिखलात उमललेलं कमळ' होतो. म्हणजे चिखल कोण? माही माय, आमचा महारवाडा. तिथं चिखल काहून झाला, पाणी कोणी अडवलं, हे प्रस्तावनेत नव्हतं. ती अख्खी प्रस्तावना मीच जुळवली. खिळा खिळा वेचून स्वतःले कमळ म्हटलं.

मंग एक दिवस वकीलसाहेब आणखी एक कागद घेऊन आले. "पुस्तकात लेखकाने आभार मानायची रीत असते. तुला ते जमायचं नाही. मी लिहून आणलंय, तेवढं लाव." लावलं. जुळवताना मजकुराकडे लक्ष नसते, हात आपले चालतात. प्रूफ काढलं अन् खिशात घालून रविवारी मायकडे गेलो. तिले म्हटलं, पाह्य, आता हे एवढंच पान उरलं. अन् वाचलं:

"ज्यांच्या उपकारांची फेड या जन्मी होणे नाही, त्यांचे स्मरण प्रथम करतो. मला माणूस केले ते आमच्या वकीलसाहेबांनी."

मायचा हात ज्वारीत थांबला.

"कोनं केलं?"

"वकीलसाहेबानं."

"तुले मानूस यानं केलं? मंग मी नऊ मयने पोटात काय ढोर वागवलं?"

एवढं बोलून ती पुन्हा ज्वारी निवडायले लागली. 'हे खोटं हाय' हेही म्हणाली नाही. मी प्रूफ घडी घालून मुठीत धरलं. मले लाज आली, अन् ती वकिलाची नाही, माही स्वतःची आली. मी ते वाक्य माह्या या बोटांनी लावलं होतं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी प्रुफाची ती घडी हातातून सोडली नाही.

सोमवारी वकिलानं प्रूफ पाहून खाली सही केली, 'छापा'. सही झाल्यावर मालक पुन्हा पान पाहत नसत. सगळे जेवायले गेले तेव्हा मी जुळवलेल्या पानाची दोरी सोडली. पहिलं वाक्य तसंच ठेवलं. दुसरं अर्धं ठेवलं. पुढचे खिळे काढले अन् माह्या मनातले लावले. पान घट्ट बांधून मशीनवर दिलं. भर दुपारी, उजेडात.

तर समारंभ. भाषणं झाली. कमळ दोनदा निघालं. मंग कोणीतरी म्हणालं, आता लेखकानं आभाराचे दोन शब्द बोलावे. व्यासपीठावर चुळबुळ सुरू. मले वर कसं घेणार? डेप्युटी कमिशनरच्या शेजारी? वकीलसाहेबाईनं लगेच तोड काढली. "त्याचे उच्चार अजून शुद्ध नाहीत. त्याच्या पुस्तकातलं आभाराचं पान मीच वाचतो." चष्मा चढवला. कोर्टातला आवाज लावला.

"ज्यांच्या उपकारांची फेड या जन्मी होणे नाही, त्यांचे स्मरण प्रथम करतो. मला माणूस केले ते..."

इथं ते थांबले, सभेकडे पाहून लाजल्यावाणी हसले. स्वतःचं नाव स्वतः वाचायचं, तेवढा विनय पाहिजेच ना. मंग नजर खाली नेली.

"...माझ्या आईने."

त्याईनं चष्मा सारखा केला. पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "वाचा ना साहेब." डेप्युटी कमिशनर घड्याळ पाहून राहिला होता.

मंग मीच बोललो. वर गेलो नाही. तिथंच, त्याईच्या वहाणांच्या मधात उभा राहून. मले ते पान पाठ होतं, खिळे उलटे वाचून वाचून पाठ.

"माझी आई अकोल्याच्या जिनात काम करते. तिला वाचता येत नाही. या पुस्तकात जे खरे आहे ते तिचे, जे खोटे राहिले ते माझे. करीमचाचांनी पाणी दिले अन् बसायला जागा दिली. वकीलसाहेबांनी प्रस्तावना लिहिली. ती मी जुळवली. त्यांची माझी फिटाफीट झाली."

कोणी टाळी वाजवली नाही. मले पाहिजेही नव्हती. ज्या हातांनी मले दुरून पाणी शिंपडलं, त्या हातांची टाळी घेऊन काय करता?

व्हरांड्यात वकीलसाहेब अंगावर धावून आले, पण दोन हातांवर थांबले. तेवढं भान रागातही सुटत नाही या लोकाईचं.

"कृतघ्न. उपकाराची जाण म्हणून नाही तुमच्या जातीला. काय कमी केलं मी तुला?"

"अत्तर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मालकानं छापखान्याच्या दारातूनच परत लावलं. शिशाले आता विटाळ व्हायले लागला होता. तिसऱ्या दिवशी करीमचाचाकडे वकिलाचा निरोप आला, "माझी प्रस्तावना त्या पुस्तकातून काढून टाका." करीमचाचा निरोप ऐकून हसला. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्याले. "बडी मेहरबानी," म्हणाला. दुकानात उरलेल्या सगळ्या प्रतींचा धागा कापून आमी दोघांनी ते पानं काढले. आता पुस्तक उघडलं का पहिलं पान मायचं येते.

साहेब निवडून आले. येणारच. नागपुरात आमच्याबद्दल कळवळ्यानं बोलतात म्हणे. बोलोत.

मी अकोल्याले आलो. इथं एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवतो. स्वतःचं मडकं पहिल्याच दिवशी घेऊन गेलो अन् सगळ्याईच्या मधात ठेवलं. ज्याले प्यायचं त्यानं प्यावं. कोणाच्या दारात हात पुढे करून उभा राहणं माह्याकडून आता होणार नाही, मंग तो अत्तर देवो का फुलं.

दुसरी कादंबरी लिहून राहिलो. तिच्यात एक वकील आहे. जसा आहे तसा. मागच्या रविवारी ते प्रकरण मायले वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत राहिली. शेवटपर्यंत तिचा हात कुठंच थांबला नाही.