शकुमावशी भुलीला का भीत होती

शकुमावशीचं अंग बाहेर यायचं. आमच्याकडे बायका हे असंच म्हणतात, आणि म्हणताना पदर तोंडावर घेतात. मी मुद्दाम सरळ लिहिते, कारण या लाजेपायीच मावशीनं कितीतरी वर्षं काढली. संत्र्याच्या बागेत निंदायला बसली की उठताना तिचा एक हात जमिनीवर आणि एक पोटाखाली. शिंक आली तरी भिंत धरायची. बाळंतपणानंतर सव्वा महिना पुरा व्हायच्या आत डोक्यावर कापसाची गाठोडी उचलली, त्याची ही किंमत.

मोहगावला तिच्या नि आमच्या घरात एका कुडाचं अंतर. नात्यानं ती माझी कोणी नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी चुलीसाठी विस्तव तिनंच आणून दिला, तेव्हापासून मावशी. नवरा शालिकरामभाऊ म्हणजे देवमाणूस, पण देवासारखाच न बोलणारा. त्याच अंगणात दुसऱ्या खोल्यांत थोरली जाऊ पंचफुलाबाई राहायच्या. चुली वेगळ्या, अंगण एक, आणि त्या अंगणात एक जुनी गोष्ट पडून राहिलेली.

पंचफुलाबाईंची सोन्याची पोत हरवली होती. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी वरात देवळाकडे गेली, घरी एकटी शकुमावशी राहिली, कारण पंगतीचा भात तिच्याकडे होता. परत येऊन पाहतात तर डबीत पोत नाही. लग्नघरात किती माणसं येतात-जातात, पण बोट गेलं ते मावशीकडे. पोलिसात कोणी गेलं नाही. भांडणही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. त्याऐवजी रोजचं टोचणं. मांजरानं दूध पाडलं तरी पंचफुलाबाई म्हणायच्या, "या घरात मांजरीपेक्षा माणसंच लय चपळ."

मावशीनं महादेवाच्या देवळात जाऊन पिंडीवरचा बेल उचलला होता. मी तेव्हा नवी होते, पण सोबत होते. "मी नाही घेतली. मी त्या दिवशी तुमच्या खोलीत पायही नाही ठेवला," असं ती सगळ्यांसमोर बोलली. मला वाटलं, संपलं आता. बेल उचलल्यावर आणखी काय राहतं? पंचफुलाबाई पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "उचलला बेल. देव काय बोलून सांगते?"

त्र्याऐंशी साली मावशीला लघवीचा त्रास फार वाढला, तेव्हा मी तिला पांढुर्ण्याला नेलं. एक खाजगी दवाखाना होता, लेडी डॉक्टर होत्या. त्यांनी तपासून सांगितलं, गर्भाची पिशवी काढावी लागेल, आणखी थांबलात तर लघवी तुंबून किडनीवर येईल. मावशीनं लगेच मान हलवली. मीच चकित झाले. म्हणाली, "काढून टाका म्हणा. मले बसता आलं पायजे, बस."

पण त्या दिवशी पंचफुलाबाई आमच्यासोबत आल्या होत्या, त्यांना डोळे दाखवायचे होते. आणि त्या दवाखान्यात वामन नावाचा कंपाउंडर होता. मलमपट्टी करता करता त्याचं तोंड चालूच. मावशीनं त्याला साधं विचारलं, "भूल म्हंजे काय करता जी?"

"झोपवता मावशी. पण एक गोष्ट आहे," तो डोळे मिचकावून म्हणाला, "भूल दिली की माणसाचं तोंड सुटते. रामाकोन्याचा एक बुवा आला होता. टेबलावर पडला अन् दुसरीचं नाव घेऊन राहिला, पहिली दाराशी उभी!"

बाकावरचे सगळे हसले. एकट्या पंचफुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे सरकून विचारलं, "खरंच बोलते का माणूस? पोटात जे असते थे?"

"एकदम खरं. भुलीत खोटं निघतच नाही."

येताना बसमध्ये मावशी खिडकीबाहेर पाहत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुडावरून सांगितलं, "मले नाही करायचं आपरेशन."

मी पुष्कळ डोकं फोडलं. मला वाटलं मरणाला भिते, म्हणून मरणाचं समजावलं. म्हटलं, देवानं दोरी लांब ठेवली असेल तर सुईनं तुटत नाही. मग वाटलं पाठीला भिते. आमच्याकडे जिला तिला सांगतात, कमरेत सुई घेतली की पाठ जन्माची गेली. ते समजावलं. ती नुसती "हाव, हाव" करायची आणि शेवटी "नाही" म्हणायची. शालिकरामभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "तिची मर्जी." मर्जी! लघवीला बसून बाई रडायची आणि यांची मर्जी.

एके दिवशी मी चिडले. म्हटलं, "मावशी, तुम्हाला मरायचंच असेल तर मला कशाला नेलं पांढुर्ण्याला? मला काय कामं नाहीत?"

तेव्हा ती बोलली. हातातलं सूप खाली ठेवून, पंचफुलाबाईंच्या दाराकडे पाहून, हळू.

"मी घेतली असती नं, तर भ्याली नसती. दाबून ठेवलं असतं. पण इतके वर्सं झाले, 'शकूनं घेतली, शकूनं घेतली' हेच कानात जाऊन राहिलं. झोपेतही तेच ऐकू येते. पाठ झालं मले थे. भुलीत जाऊबाईनं विचारलं अन् माह्या तोंडातून 'हो' निघालं तर? तोंड माहं नसन तेव्हा."

मला हे सुचलंही नव्हतं. चोर नाही म्हणून ती घाबरली होती.

मग ठरवलं की ज्याला माहीत आहे त्यालाच विचारायचं. इथून माझी खरी वणवण सुरू झाली. आजही आठवलं की कपाळ तापतं. भुलीचे डॉक्टर नागपूरहून रेल्वेनं यायचे, फक्त बुधवारी. पहिल्या बुधवारी गेलो तर ते आत होते, आणि बाहेर आले ते बॅग घेऊन थेट रिक्षात, गाडी चुकेल म्हणून. त्याच्या पुढचा बुधवार करीचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. पांढुर्ण्याची गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, त्या दिवशी. तिकडे जाण्यात अर्थच नव्हता, दवाखाने फुटलेल्या डोक्यांनी भरलेले. त्यानंतर गेलो तेव्हा नर्सबाई आडव्या आल्या.

"पेशंट कौन है, आप?"

"नाही, ह्या आहेत."

"फिर आप क्यों पूछ रही हैं? इनको बोलो चिंता नहीं करने का."

लेडी डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, बेशुद्धीचं माझ्याकडे नाही. त्यांना विचारा." त्यांना विचारा, त्यांना विचारा! जणू आम्ही संत्र्याचा भाव विचारायला आलो होतो. "उपाशी या, दागिने काढून या, सही करायला माणूस आणा," एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं, न विचारता. सांगायला सगळे होते, ऐकायला एक नाही. आणि वामन येता-जाता म्हणायचा, "काय मावशी, कोणाचं नाव घेणार?"

त्याच्या पुढच्या बुधवारी मी मावशीला पहिल्या बसनं नेलं आणि दवाखान्याच्या दारातच बसवलं. भुलीचे डॉक्टर रिक्षातून उतरले तशी मी उभी राहिले, पार वाटेत. म्हटलं, "साहेब, ही बाई तुमच्या एका उत्तरावाचून मरून राहिली. आज ऐकल्याशिवाय मी हलणार नाही."

ते आधी हसले. मग माझं तोंड पाहून हसणं थांबलं. तिथल्याच बाकावर बसले. मावशी माझ्यामागे पदराआड. म्हणाली, "विचार त्यायले."

"मावशी, मलाच विचारा," ते म्हणाले.

मग पदरातून आवाज आला, "सुई कोठी देता?"

"कमरेत, मणक्याच्या मध्ये. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजायचं."

"मंग पाठ जन्मभर दुखते म्हंते?"

"सुईची जागा चार-दोन दिवस दुखेल. जन्मभर दुखते ती ओझी वाहून. सुईवर नाव येतं."

"अन् पाय?"

"काही तास लाकडासारखे पडून राहतील. मग मुंग्या येतील, मग तुमचे तुम्हाला परत. त्यानंतर एक दिवस उशी नाही घ्यायची, डोकं दुखतं."

"अन् मी कोठी राहीन?"

हा प्रश्न त्यांना लगेच कळला नाही. मी सांगितलं, झोपेत की जागी, ते विचारते.

"जाग्या. मध्ये पडदा लावतो, तुम्हाला काही दिसणार नाही. ओढल्यासारखं कळेल, दुखणार नाही. हवं तर माझ्याशी गप्पा करा."

मावशीनं पदर खाली केला. "तोंड माह्या ताब्यात राहीन?"

"तोंडाला भूलच नाही मावशी. भूल कमरेच्या खाली. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं." मग म्हणाले, "आणि ज्यांना पूर्ण झोपवतो ना, तेही पोटातलं काही सांगत नाहीत. उठताना अर्धवट बरळतात, पाणी मागतात, आईला हाका मारतात. खरं-खोटं काही नसतं त्यात. तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

मी वामनकडे पाहिलं. तो कापूस फाडण्यात फार गुंतला होता.

इतकंच होतं. पाच मिनिटांचं बोलणं. त्यासाठी महिना गेला, आणि त्या महिन्यात तिला दोनदा ताप येऊन गेला. मला त्या डॉक्टरांचा रागही आला आणि पायही धरावेसे वाटले.

बसमध्ये मी म्हटलं, "घरी गेल्यावर पंचफुलाबाईंना सांगते मी, की जागीच राहणार तुम्ही. उगाच डोक्यात काही घेऊ नका म्हणावं."

मावशी म्हणाली, "नोको सांगू. तिले काय करायचं आहे?"

ऑपरेशनच्या दिवशी पंचफुलाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी तयार. "माह्याशिवाय तिच्याजवळ कोण बसन?" म्हणाल्या. मोहगावच्या बायकांना वाटलं, काय माया! मला माहीत होतं कशाची माया ती. अंगाची आग झाली, पण थोरल्या जावेला नको म्हणायला मी कोण? शालिकरामभाऊ बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

दुपारी मावशीला खाटेवर आणून टाकलं. उताणी, बिनउशीची, चेहरा पिवळा, पण शुद्ध पूर्ण. मला म्हणाली, "पाय कोठी आहेत वं माहे? पाहून सांग." मी पांघरुणावरून हात ठेवून दाखवले. तेवढ्यात पंचफुलाबाईंची चाहूल लागली आणि मावशीनं डोळे मिटले.

"तू जाय, चहा पिऊन ये," पंचफुलाबाई मला म्हणाल्या. मी उठले, पण दाराच्या पलीकडे गेले नाही.

त्यांनी स्टूल ओढलं. मावशीच्या कानाशी वाकल्या. आवाज असा मऊ, की अंगात आलेल्या बाईला कौल विचारावा.

"शकू. अवं शकू. पोत कोठी ठेवली?"

मावशी हलली नाही.

"सांग नं. मी रागावत नाही. पोत कोठी आहे?"

"कोणती पोत?" मावशीचा आवाज जड, दुरून आल्यासारखा.

"माही. लग्नाच्या दिवशीची."

मला वाटलं मावशी आता डोळे उघडेल आणि त्या बाईच्या तोंडावर बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं. तिनं डोळे उघडले नाहीत.

"मी नाही घेतली, बाई," ती म्हणाली. "मी त्या दिवशी तुमच्या खोलीत पायही नाही ठेवला."

पंचफुलाबाई तशाच वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या, पदरानं नाक पुसलं आणि माझ्या अंगावरूनच व्हरांड्यात गेल्या. "शकूनं नाही घेतली वं," समोर आली त्या बाईला सांगू लागल्या, ओळख ना पाळख, "माह्या जावेनं नाही घेतली. भुलीत बोलली थे. भुलीत खोटं निघत नाही."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. शब्द तेच, बाई तीच, फक्त देवासमोर बोलली तेव्हा चोर आणि खाटेवर पडून बोलली तेव्हा साव! मी आत जाऊन म्हटलं, "तुम्ही जाग्या होता. आत्ता जाऊन सांगते त्यांना. जागेपणी बोलली म्हणावं, आता काय म्हणता?"

मावशीनं डोळे उघडले. "सांग. जागेपणी बोलली म्हटलं का मी परत खोटी."

बाहेर पंचफुलाबाई आता मोठ्यानं रडत सांगत होत्या, वामनचाही आवाज मिसळला होता, "मी म्हटलंच होतं!" मला ते ऐकवेना. मी जाऊन दार लोटलं.

"नोको लावू," मावशी म्हणाली. "उघडं राहू दे. मले ऐकू दे."