सिस्टरांची हिरवळ

दोन टाळ्या वाजल्या की आमच्या सोसायटीतल्या पोरांचे पाय जागच्या जागी थिजायचे. पाठोपाठ आवाज यायचा, "गवतावर पाय नको!" कमरेवर हात ठेवून सिस्टर फाटकात उभ्या असायच्या.

जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सिस्टर. मूळच्या लातूरकडच्या. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याजवळ रावेतला आल्या. अशी एक बाई तुमच्याही ओळखीत असेल. सगळे तिला टरकून असतात आणि अडचणीत दार मात्र तिचंच वाजवतात.

आमच्या इमारतींमधे बागेसाठी राखलेली जागा होती. राखलेली कागदावर. प्रत्यक्षात तिथे बांधकामाचा राडारोडा, आणि त्यातच पोरांचं क्रिकेट. एका रविवारी सिस्टर घमेलं घेऊन एकट्याच तिथे उतरल्या. आम्ही गॅलरीतून पाहत होतो.

"काय बघायलात? फावडी घेऊन या की!"

लाजेकाजेस्तव चौघेजण उतरलो, ते दर रविवारी उतरतच राहिलो. राडारोडा गेला, माती आली. कडेला बहावा आणि तामण लावले, मधे हिरवळ. राडारोडा टाकायला ट्रॅक्टर पुन्हा आला तेव्हा सिस्टर वाटेतच खुर्ची टाकून बसल्या. "माझ्या अंगावरनं घाल," म्हणाल्या. ट्रॅक्टर मुकाट वळला.

हिरवळ धरली आणि सिस्टर बदलल्या. भोवती तार आली, टाळ्या सुरू झाल्या. पोरं खेळायला रस्त्यावर गेली. आम्हीही कोणी त्यांना अडवलं नाही. तो शांत हिरवा तुकडा आम्हालाही आवडायला लागला होता.

एका संध्याकाळी दुसरीतल्या एका मुलीचा चेंडू तारेपलीकडे गेला. ती वाकली, तेवढ्यात तिला सिस्टर दिसल्या. दचकून ती उलटी पळाली ती थेट रस्त्यावर. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला, तरी धक्का लागलाच. हात मोडला.

सिस्टर धावल्या, मागोमाग मी. पुठ्ठ्याचा आधार देऊन कुणाच्या तरी ओढणीने हात बांधू लागल्या. पोरगी हुंदके देत म्हणाली, "आजी, मी गवतावर नव्हते गेले."

सिस्टरांचे हात थांबले. गाठ मी मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पक्कड घेऊन तार काढली. मग रोज संध्याकाळी हाका सुरू झाल्या, "या रे लेकरांनो, खेळा!" पोरं लांबूनच बघायची. कुणाला क्लास असायचा, कुणाला आईने बजावलेलं असायचं.

"कुणासाठी केलं होतं, तेच इसरले बघा मी," एकदा त्या मला म्हणाल्या.

पुढे गुडघे थकले, मुलाची बदली झाली. सिस्टर लातूरला लेकीकडे गेल्या. अधूनमधून फोन करायच्या.

"बहावा फुलला का?"

"फुललाय."

"आन् लेकरं यायलीत का?"

"येतात की," मी म्हणालो.

मग म्हणाल्या, "बरं झालं बाबा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्याचं त्यांच्या मुलाने कळवलं.

त्या संध्याकाळी मी पाणी घालायला उतरलो. पाठीला दप्तरं लावलेली दोन मुलं बागेतून घरी निघाली होती. "मधून जा की रे," मी म्हणालो, "कोणी ओरडत नाही."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कडेच्या फरशीवरून, एकामागे एक, तशीच निघून गेली.