इंजिन चालू होतं

पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं मी पुण्यात एका कचेरीत नकाशे काढायची नोकरी करत होतो आणि रविवारी विमान चालवायला शिकत होतो. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या असतील असं ऐकणाऱ्याला खरं वाटत नसे. पण सरकार तेव्हा उड्डाण शिकणाऱ्या तरुणांना मदत करी, आणि माझ्या पगारातलं जे काही उरे ते मी हवेत घालवी. विमान म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, वर-खाली दोन पंखांचं, उघड्या बैठकीचं. नाकावरचा पंखा कुणीतरी हाताने जोर लावून फिरवल्याशिवाय ते सुरूही होत नसे.

आमच्या फ्लाइंग क्लबात ते काम मिस्त्रींचं. युद्धाच्या काळात लष्करी कारखान्यात शिकलेले, चाळिशीचे, दापोडीला राहणारे गृहस्थ. टाकीत पेट्रोल भरताना ते चामड्याच्या तुकड्यातून गाळून घेत आणि तेवढा वेळ कुणाशी बोलत नसत. कुणी हाक मारली तरी मान हलवत नसत.

माझी ताई चिंचवडला स्टेशनाजवळ राहत होती. मेहुणे पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात होते. त्या वेळी स्टेशनाच्या आसपास थोडी घरं, बाकी मळे आणि मळ्यांतून विखुरलेल्या वस्त्या. परवाना हाती येऊन मला दोन महिने झाले होते. ताईला मी सांगून ठेवलं, "रविवारी साडेनऊला अंगणात उभी राहा, वरून हात करतो."

आमचे मुख्य शिक्षक हवाई दलातून आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वस्तीवर हजार फुटांच्या खाली यायचं नाही. आणि खाली ओळखीचं माणूस असेल तर दोन हजार." आम्ही हसलो होतो. मला वाटलं, गंमत करताहेत.

थंडीचे दिवस होते. हवा स्वच्छ होती, पवनेचं पाणी खाली चमकत होतं. पहिली फेरी मी नियमाने घातली. ताई मुंगीएवढी दिसली. तिने पांढरी चादर हलवली असावी, पण ते नीट दिसेना. म्हणून खाली आलो. दुसऱ्या फेरीत चादर दिसली. तिसऱ्या फेरीत मला तिचा चेहरा बघायचा होता.

विमान वळताना जितकं कलतं, तितका त्याला वेग जास्त लागतो. हे मला पाठ होतं. वेग कमी पडला तर आतल्या बाजूचा पंख एकाएकी हवेतून निसटतो, हेही पाठ होतं. पण माझे डोळे वेगाच्या काट्यावर नव्हते, चादरीवर होते. मी वळण आवळत गेलो, सुकाणूची दांडी पोटाशी ओढत गेलो, आणि डावा पंख खाली गेला तो वर आलाच नाही. सावरायला उंची लागते, ती मी हौसेपायी खर्चून बसलो होतो.

एका आंब्याच्या शेंड्यातून विमान गेलं. त्या झाडाने निम्मा वेग खाल्ला, नाहीतर हे लिहायला मी उरलो नसतो. पुढे एका शेतकऱ्याचं घर होतं. पंखाने पडवीचा पत्रा उडवला, कौलं ओढून खाली आणली, आणि विमानाचं नाक स्वयंपाकघराच्या भिंतीत घुसून राहिलं. शेपूट वर, मी पट्ट्याला लटकलेला.

शुद्ध होती. तोंडातून रक्त येत होतं, डावं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. समोर टाकी फुटली होती आणि पेट्रोल भिंतीच्या भगदाडातून आत ओघळत होतं. आत चूल पेटलेली होती. ती मला दिसत होती. तव्यावर भाकरी होती.

घरची माणसं अंगणात होती. नवरा, बायको आणि दोन मुली. विमान इतकं खाली का घिरट्या घालतंय म्हणून बघायला ती बाहेर आली होती. नवरा विळा घेऊन माझ्याकडे धावला. पण त्याच्याही आधी ती बाई धावली ती माझ्याकडे नाही, घरात. वरून कौलं घसरत होती, एक वासा लोंबकळत होता. त्याच्या खालून ती वाकून आत गेली, पाण्याचा अख्खा हंडा उचलला आणि चुलीवर पालथा केला. मग राख, मग माती. धुराचा लोट आला आणि त्यातून तिचा आवाज, "कुनी बी बिडी पेटवू नका! समदी लांब व्हा!"

पुढे कळलं की तिची जाऊ रॉकेलचा दिवा अंगावर सांडून गेली होती. तो भडका तिने पाहिला होता. पेट्रोल कधी हुंगलं नसेल, पण वासावरून ते रॉकेलचंच भावंड आहे हे तिने एका क्षणात ओळखलं.

नवऱ्याने विळ्याने पट्टा कापून मला उतरवलं. धावत आलेल्या ताई आणि मेहुण्यांनी रस्त्यावरची एक लॉरी थांबवून मला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, दोन बरगड्यांना चीर होती, पुढचे दात गेले होते. बस, एवढंच.

दुपारी शिक्षक आले. खाटेशी उभं राहून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी विचार केला नव्हता. तोंडातून निघून गेलं, "इंजिन बंद पडलं, सर."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि "विश्रांती घ्या" म्हणून ते गेले.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. रुमालात पेरू बांधून आणले होते. ताई तिथेच होती, तिने त्यांना स्टूल दिलं. ते टेकल्यासारखे बसले.

"साहेब, बंद पडायच्या आधी खोकलं का? का एकदमच गेलं?"

एक खोटं बोललं की दुसरं तयारच असतं. "खोकलं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. "म्हणजे पेट्रोलात कचरा. मी गाळूनच भरलं होतं साहेब. पण राहिला असेल. माझ्याच हातून राहिला असेल." मग म्हणाले, "तुम्ही वाचलात, देवाची कृपा. नाहीतर मी काय केलं असतं?"

चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं त्यांना क्लबाने कळवलं होतं. हे ते सहज बोलल्यासारखं बोलले. मी भिंतीकडे तोंड केलं. ताईला वाटलं, मला दुखतंय.

आठव्या दिवशी मला घरी सोडलं, म्हणजे ताईकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खण-नारळ काढला आणि म्हणाली, "चल, त्या माणसांचे पाय धरायला."

विमानाचे तुकडे क्लबाने उचलून नेले होते. भिंतीचं भगदाड तसंच होतं, त्यावर गोणपाट लावलं होतं. घरची सगळी गोठ्यात राहत होती. बाई अंगणात धड कौलं निवडून एका बाजूला रचत होती. तिने ताईची ओटी घेतली, आम्हाला घोंगडीवर बसवलं, आधी माझ्या हाताची चौकशी केली.

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही होतात म्हणून मी आहे. आणि नशीब, आवाज ऐकून तुम्ही सगळी बाहेर आला होतात."

तिने कौल खाली ठेवलं. "तुमच्या आवाजानं आमी भायेर आलो, ह्ये खरं हाय दादा. पर तुमी आलाच नसता, तर आमी आत बसून भाकरी खाल्ली असती."

ती रागावली नव्हती. जे होतं ते सांगत होती. मी घाईने म्हणालो, "माझा इलाज चालला नाही. इंजिनच बंद पडलं."

"बंद?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "न्हाई वो. इंजिन चालूच हुतं की. भितीवर आदळंपत्तुर वरडत हुतं."

"अगं, त्यांना जास्त ठावं," नवरा म्हणाला.

"व्हय, मला त्यातलं काय कळतंय. पर कान हाईत मला." मग ती माझ्याकडे वळली. "चौकशीचा सायेब येनार हाय म्हनं. आमाला इचारंल. काय सांगू त्येला? तुमचं वाईट व्हावं आसं आमाला न्हाई वाटत."

आजही मला हे आठवलं की गहिवरून येतं. जिचं घर मी पाडलं ती बाई मला विचारत होती, माझ्यासाठी काय बोलू म्हणून.

मी म्हणालो, "जे ऐकलंत तेच सांगा, मावशी. आणि त्याच्या आधी मीच सांगतो."

परत येताना ताई बरंच अंतर काही बोलली नाही. मला वाटलं, ती स्वतःलाच दोष देत असेल, चादर हलवली म्हणून. पण रेल्वेच्या फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "ते पेरू घेऊन आले होते रे." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. किती उंचीवर होतो, किती फेऱ्या, कुठे बघत होतो, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हे तुम्ही मला लिहून द्यालच. पण त्याआधी दापोडीला जा. कागद त्यानंतर."

मिस्त्रींची खोली रुळांच्या अलीकडच्या गल्लीत होती. ते दारातच बसले होते, दाढी वाढलेली. माझा हात गळ्यात बांधलेला बघून लगबगीने उठले, खुर्ची पुसली. मी उभ्यानेच सांगितलं. आत त्यांच्या बायकोने भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

मिस्त्रींनी पहिलं विचारलं ते हे, "म्हणजे माझं गाळणं बरोबर होतं?"

"बरोबर होतं. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं."

ते खाली बसले. दोन्ही तळवे समोर धरून बघत राहिले. "आठ दिवस मी या हातांकडं बघतोय साहेब. वाटायचं, आता यांनी दुसरं कुठलं काम करावं." मग त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा सांगायचं होतं."

"हो."

त्यांच्या बायकोने चहा केला नाही. ती बाहेरही आली नाही. मिस्त्री मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तिला वेळ लागेल. मला पण लागेल."

चौकशी झाली. मिस्त्री कामावर परतले. माझा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला, आणि मला ती शिक्षा कमीच वाटली. भरपाईचं क्लबाने पाहिलं. पण प्लास्टर निघाल्यावर रविवार मोकळे होते, तेव्हा मी सकाळच्या गाडीने चिंचवडला जाऊ लागलो. शेतकऱ्याने आधी संकोच केला. मग त्याने मला चिखल तुडवायला लावलं. दगड कसा बसवायचा, कुठला दगड कुठल्या अंगाने भिंतीला द्यायचा, हे त्याने मला शिकवलं. नकाशात मी शेकडो भिंती काढल्या होत्या. एक उभी करायला काय लागतं ते तिथे कळलं. त्याच्या मुली मला "इमानवाला" म्हणत आणि मी चुकीचा दगड उचलला की खिदळत.

शाकारणी झाली त्या दिवशी मावशीने नव्या चुलीवर पहिली भाकरी भाजली आणि ती माझ्या ताटात घातली. मी नको म्हणालो. घरच्या माणसाचा मान तो. "खा गप," ती म्हणाली. तोपर्यंत मी तिला "तुमी"चा "तू" झालो होतो. जेवताना वरून एक विमान गेलं, खूप उंचावरून. पोरी पळाल्या. ती पण दारापर्यंत गेली, वर पाहिलं आणि पुटपुटली, "सावकास जा रं बाबा." मी ताटाकडे बघत राहिलो. त्या चार शब्दांत मला जी माफी मिळाली तिला मी पात्र होतो की नाही, हे मी कधी तपासलं नाही. फक्त घेतली.

वर्षाने मी मैदानावर परत गेलो. मिस्त्री विमानाशी उभे होते. मला बघून त्यांनी पेट्रोलचा डबा आणि चामडं माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही गाळा. मी बघतो." मी गाळलं. ते बघत होते. मग एकेक तार, एकेक खीळ त्यांनी मला हात लावून तपासायला लावली. त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणायचं थांबले, नुसतं "अहो" म्हणत. मला ते फार बरं वाटलं. पुढे दोन-तीन वर्षांनी एका दिवाळीला त्यांच्या बायकोने फराळाचा डबा पाठवला.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी रविवारी उडत राहिलो. नंतरनंतर नवख्यांना शिकवूही लागलो. तोवर आकुर्डी, चिंचवड, पिंपरी सगळं एक झालं होतं. वरून बघावं तर उतरायला मोकळा तुकडा सापडत नसे. प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी ही हकीकत सांगत असे, घर पाडल्याची आणि खोटं बोलल्याचीही. पहिल्या भागावर ते माना डोलवत. दुसऱ्या भागावर गप्प होत. माझ्या हाताखालच्या एकाही मुलाच्या विमानाने कुणाच्या घराला धक्का लावला नाही. यात माझं शहाणपण थोडंच आहे. ते मला चार माणसांनी दिलं. त्यांतलं आता कुणीच नाही. ताई गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या आजारात मी तिच्याजवळ बसून म्हणालो, "तू तेव्हा मला मावशीच्या घरी नेलंस म्हणून मी खरं बोललो." तिला बोलवत नव्हतं. तिने माझं ते मोडून जुळलेलं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.