जुना माल आधी काढायचा

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणायचे. अर्धं कामावरून, अर्धं जिभेवरून. तेवीस वर्षं ती एकाच लांबलचक टेबलापाशी उभी होती. कापडाचे चाळीस-चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, खडूनं आखायचं आणि मग सुरीचं मशीन हळूहळू पुढे सरकवायचं. कापताना कुणी हाक मारली तरी मान वर करायची नाही. एक रेघ चुकली की चाळीस पोरांच्या बाह्या आखूड. बाकीचे कापणारे साचे टाकून मोकळे व्हायचे, ही मात्र ते फिरवत राहायची. बाहीच्या वळणात कॉलर बसव, पाठीच्या कडेला खिसा काढ, खिशाच्या शेजारी पट्टी. दुसऱ्यांच्या टेबलाखालची चिंध्यांची गोणी दोन दिवसांत भरायची, हिची भरायला आठवडा लागायचा.

तेच डोकं घरच्या स्वयंपाकात. संध्याकाळचं जेवण तिनं कधी एका दिवसापुरतं केलंच नाही. सोमवारी चणे उकडायचे तर दुप्पट. अर्धे आजच्या रश्श्यात, अर्धे झाकून फ्रिजमध्ये. मंगळवारी ते ठेचून, कालचा भात आणि कांदा त्यात कालवून तव्यावर चपट्या वड्या. त्यातल्या दोन-चार राहिल्याच तर बुधवारी टोमॅटोच्या सूपमध्ये कुस्करायच्या, सूप दाट होतं आणि खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. बटाटे उकडले तेव्हाच चार जास्त. पाव वाळला तर त्याचा चुरा, चुरा वड्यांना लावायला. लोक याला शिळं म्हणतात. ती ‘उद्याचं’ म्हणायची. लेक लग्न होऊन लांब गेली, पण लहानपणी फ्रिज उघडून विचारायची, “आई, हे आजचं की उद्याचं?” उद्याच्याला हात लावायचा नाही, एवढं त्या पोरीला शाळेत जायच्या आधी कळत होतं.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर एका तासासाठी.

साडेसहाला ती घरी पोचायची. अर्धं काम कालच झालेलं असल्यामुळे सातला पातेली झाकून मोकळी. नवऱ्याला जेवायला बरोबर आठ लागायचे, बत्तीस वर्षं भोंग्यावर जगलेला माणूस. मधला तास तिचा. ती जिना उतरून खाली जायची आणि इमारतीच्या दारातल्या पायऱ्यांवर बसायची. चपला काढून, पाय लांब सोडून. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांचे दगड झालेले असायचे, ते हळूहळू मऊ पडायचे. शेजारी खालच्या मजल्यावरची चष्म्याच्या दुकानातली बाई. कधी बोलायच्या, कधी नुसतंच येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायच्या. काही विणणं नाही, निवडणं नाही, कुणाचं काही ऐकणं नाही. अख्ख्या दिवसात तिच्या नावाचं असं तेवढंच होतं.

चार महिन्यांपूर्वी नवरा निवृत्त झाला. मोठ्या गोदामाचा भांडारपाल. पहिला आठवडा झोपला. दुसऱ्या आठवड्यात कपाटं लावली, मोज्यांची सुद्धा उंचीप्रमाणे रांग. तिसऱ्या आठवड्यात त्यानं फ्रिज उघडला, आणि इथून पुढे जे झालं त्याला काय म्हणावं!

ती कामावरून आली तर चण्यांचं पातेलं ओट्यावर पालथं. घासून लख्ख. तिला वाटलं, भूक लागली असेल.

“खाल्लेत का चणे? सगळे?”

“छे! काढून टाकले.”

“काढून टाकले म्हणजे?”

“कचऱ्यात. कालचे होते ना. जुना माल आधी काढायचा, पहिला नियम आहे.” आणि वर हसून म्हणाला, “पातेलं घासून ठेवलं बघ. आहे की नाही मदत?”

ती दमलेली होती. मदत म्हणणाऱ्याशी भांडायचं तर आधी त्याला मदत नाही हे पटवायला लागतं, आणि तेवढं त्राण नव्हतं. तिनं नवे चणे भिजवलेले नव्हते, म्हणून कोबी चिरला, भात टाकला, सगळं पहिल्यापासून. जेवायला आठ वाजले. पायऱ्यांवर चष्मेवाली एकटी बसून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी भात गेला. तिसऱ्या दिवशी बटाटे. तिनं सांगून पाहिलं, “अहो, ते मी मुद्दाम ठेवते.” त्यावर तो म्हणाला, “अगं, इतकी वर्षं घाईत होतीस म्हणून चालवून घेतलं. आता मी आहे ना लक्ष ठेवायला.” लक्ष ठेवायला! चूल ही पेटवणार, चिरणार ही, आणि लक्ष तो ठेवणार. तिच्या कानशिलाची शीर ठणकायला लागली ती त्या दिवसापासून.

मग तिनं लपवायला सुरुवात केली. स्वतःच्या घरात, स्वतः उकडलेले बटाटे, चोरासारखे! पिठाच्या डब्यामागे ठेवले, सापडले. आईस्क्रीमच्या रिकाम्या खोक्यात ठेवले, तर तो म्हणाला, “खोक्यावर एक नाव, आत दुसरा माल? गोदामात असं केलं असतं तर नोकरी गेली असती.” शेवटी तिनं बटाटे पिशवीत घातले आणि कामाला घेऊन गेली. दिवसभर टेबलाच्या कोपऱ्यात पिशवी.

“काय गं कात्री,” बटणं लावणारी म्हणाली, “डब्यात बटाटे, पिशवीत बटाटे. हे काय, फिरायला आणलेत?”

“हो. घरी त्यांच्या जिवाला धोका आहे.”

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण दुपारी छपराचा पत्रा तापला आणि संध्याकाळी पिशवी उघडली तर बटाट्यांना वास आलेला. तिनं स्वतःच्या हातानं ते कारखान्याच्या दाराशी टाकले. तेवीस वर्षांत एक बोटभर कापड वाया न घालवलेली बाई. त्या दिवशी घरी जाताना ती रस्त्यानं मोठमोठ्यानं बोलत होती. लोक वळून बघत होते. बघेनात का.

सहा आठवडे असे गेले. सहा आठवडे ती पायऱ्यांवर बसली नाही. चष्मेवालीनं जिन्यात गाठून विचारलं, “आजारी आहेस का?” ती म्हणाली, “मी नाही, घर आजारी आहे.” पोटऱ्या रात्री इतक्या वळायच्या की भिंतीला टाच लावून झोपावं लागे. आणि नवरा सगळ्यांना सांगत सुटलेला, निवृत्तीनंतर बायकोला कशी मदत करावी ते.

मग तो गुरुवार आला. त्या दिवशी ती पहाटे तास आधी उठली होती. मनाशी म्हणाली, सकाळीच उकडून ठेवते, आजचाच माल, याला कालचं कोण म्हणेल? चणे दुप्पट उकडले, नवऱ्याला उठवून बजावून सांगितलं, “हे आजचे आहेत. आज सकाळचे. कळलं?” तो झोपेत “हूं” म्हणाला.

साडेसहाला दार उघडलं तर आत पाहुणा. गोदामातला जुना जोडीदार, माल चढवणारा हमाल. अंगानं काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. नवरा ऐसपैस बसून सांगत होता, “आमच्याकडे रोजच्या रोज ताजं! शिळ्याचा कण घरात सापडणार नाही. ही आली बघ. आता तासाभरात गरमागरम पानावर.”

तिनं ओट्याकडे पाहिलं. पातेलं पालथं. लख्ख.

“चणे कुठायत?”

“अगं, बारा तास होऊन गेले होते—”

पिशवी तिच्या हातून खाली आपटली.

“आमच्याकडे! आमच्याकडे म्हणजे कुणाकडे हो? ताजं करतं कोण? तुम्ही करता? तुमचा हात कचऱ्याच्या डब्यापलीकडे कधी गेलाय? मी नऊ तास उभी राहते, येते, आणि रोज शून्यापासून सुरू करते, कारण साहेबांनी सकाळी शून्य करून ठेवलेलं असतं!”

“हळू बोल, पाहुणे—”

“पाहुण्यांनीही ऐकावं! काय तो तुमचा नियम? म्हणा बरं त्यांच्यासमोर!”

तो चाचरत म्हणाला, “जुना माल आधी काढायचा.”

“मग काय हो, बत्तीस वर्षं गोदामातला जुना माल तुम्ही कचऱ्यात काढत होतात?”

मग पैलवानाला हसू फुटलं. त्यानं तोंडावर हात दाबला, पण खांदे हलायला लागले.

“नाही हो वहिनी,” तो म्हणाला, “काढायचा म्हणजे कामाला द्यायचा. जुनी पोती पुढे, नवी मागे. आधी जुनं वापरून टाका, म्हणजे वाया जात नाही. हेच तर आम्हाला ओरडून ओरडून शिकवलं! एकदा मी एक जुनं पोतं फेकलं, तर तीन दिवस बोलले नव्हते माझ्याशी.”

नवऱ्याचा चेहरा वीटभट्टीसारखा झाला. जन्मभर ज्या नियमावर मिशीला पीळ दिला, तोच उलटा वाचला होता. तो खाली बघून म्हणाला, “आम्ही सात भावंडं. मी शेवटचा. सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या तळाचं मला. रोज. मला वाटायचं, मोठा झालो की माझ्या घरात उरलेलं राहणार नाही.”

तीस वर्षांच्या संसारात हे तिनं पहिल्यांदा ऐकलं. पण राग काही दिव्यासारखा नसतो, फुंकर मारली आणि गेला असा.

“मग हे मला सांगायचं होतं,” ती म्हणाली. “शिक्षा माझ्या पातेल्याला कशाला? आणि इतकी वर्षं तुम्ही बोटं चाटून खाल्लंत ते उद्याचंच होतं. एकदा तरी तळाचं लागलं का जिभेला?”

त्यानं पालथ्या पातेल्याकडे पाहिलं.

“ताजं हवं ना? कोबी तिथे आहे. सुरी तिथे. तांदूळ वरच्या फळीवर. दोघं आहात, बत्तीस वर्षं बरोबर माल उचललात, एक कोबी उचला.”

आणि ती गेली खाली.

चष्मेवालीनं तिला येताना पाहिलं आणि काही न विचारता सरकून जागा केली. तिनं चपला काढल्या. पाय सोडले.

थोड्या वेळानं वरून खिडकी उघडली. “अगं, पाणी किती घालायचं भातात?”

ती वर बघेना.

“वहिनी, हळद कुठाय?” हा पैलवान.

चष्मेवाली म्हणाली, “तुमच्याकडे काहीतरी जळतंय गं.”

“जळू दे.”

आठला ती वर गेली. कोबी एकीकडे करपलेला, एकीकडे कच्चा. भात मात्र दहा माणसांना पुरेल एवढा, गोदामातल्या माणसाला कमी काढणं ठाऊकच नव्हतं. पैलवान निमूट जेवला, “छान झालंय” म्हणाला आणि पाणी प्यायला. जेवण झाल्यावर नवऱ्यानं भाताचं पातेलं उचललं, कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं आणि तिथे उभा राहिला. हाताला चटका बसलेला, बोटाला चिंधी गुंडाळलेली. स्वतः शिजवलेला तेवढा भात डब्यात ओतायला काही हात वळेना. ती बसल्या जागेवरून बघत होती. मदतीला उठली नाही. त्यानं पातेलं मुकाट्यानं फ्रिजमध्ये ठेवलं.

म्हणून सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, तिसऱ्या दिवशीही. कारखान्यात तिच्या टेबलाशी कुणी फिरकलं नाही इतकी ती घुश्शात कापत होती. सहा आठवडे होते ते. बेचाळीस संध्याकाळी. त्या कुठल्या फ्रिजमधून परत काढायच्या?

सोमवारी साडेसहाला ती इमारतीच्या दाराशी आली. वर गेलीच नाही. तिथेच पायऱ्यांवर टेकली. नवरा पहिल्या मजल्यावरून डोकावला.

“अगं, ये ना वर. बटाटे उकडलेत मी. चार जास्त टाकलेत. पुढे काय करायचं ते तरी सांग!”

“साडेसातला सांगीन,” ती म्हणाली, आणि चपला काढल्या.