गमछ्याखालचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. आणि आता सांगतोय ते रडायला नाही — रडणं मला जमत नाही, भांडणं जमतं.

आधी माझा राग ऐका, कारण तो अजून गेलेला नाही. बहादरपुरच्या सुपडू आबांच्या बागेत माझा बाप शालिक केळीचे घड डोक्यावर वाहायचा. मी बुऱ्हाणपुरात कॉलेज करता करता दलाली सुरू केली, माझ्या शब्दावर केळीच्या गाड्या दिल्लीला जाऊ लागल्या, तरी आबा चार लोकांत मला ‘शालिकचा पोऱ्या’च म्हणत. सौद्याचं काढलं की हसून म्हणत, "बापाला पाठव." तुम्ही विसरला असता? मी नाही विसरलो.

मग ती साथ आली. कॉलेज बंद पडलं. विद्यापीठानं मोबाइलवर एक फॉर्म पाठवला — विद्यार्थ्यांना आजाराची माहिती किती, भीती किती. मी धडाधड भरला. वास जाणं हे लक्षण आहे का? हो. लक्षण दिसलं तर घरात थांबाल का? हो. तुम्हाला स्वतःला किती धोका वाटतो? ‘फार कमी.’ सगळ्या फॉर्ममध्ये तेवढं एकच उत्तर मनापासून होतं.

चार दिवसांनी सकाळी आईनं मिरच्या भाजल्या. घरातले सगळे खोकत अंगणात पळाले. मी चुलीजवळ बसून राहिलो — मला काहीच आलं नाही. ना ठसका, ना वास.

आणि त्याच सकाळी आबांचा निरोप आला. बाहेरचे व्यापारी येत नव्हते, माल झाडावर पिवळा पडत होता. निरोप होता, तूच ये. ‘बापाला पाठव’ नाही — तूच ये.

मी गेलो. माहीत नव्हतं असं म्हणू? फॉर्म भरला होता मी.

आबा भाव तोंडानं बोलत नसत. जुन्या बैलबाजाराची रीत — हातावर गमछा टाकायचा, डोक्याला डोकं लावून बसायचं आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा. गमछा टाकताना त्यांनी विचारलं, "गला बसला काय रे तुझा?"

"ओरडून बसला आबा. मजूर ऐकता का सरळ?"

ते हसले. माझा मास्क हनुवटीवर होता, त्यांचा खिशात. अर्धा तास आम्ही तसेच बसलो. सौदा मी मागितलेल्या भावातच पटला. उठताना त्यांनी मला पहिल्यांदा ‘शेठ’ म्हटलं — खरं सांगतो, फार गोड वाटलं.

दहाव्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

एवढंच असतं तर मी कधीच बोलून मोकळा झालो असतो — कदाचित. पण पुढं आहे.

आबांचा नातू चेतन, माझ्याच वयाचा, इंदूरला शिकायचा. होस्टेल बंद झालं म्हणून घरी आला होता. आल्यापासून, कुणी न सांगता, तो अंगणातच राहायचा, आजोबांशी लांबून बोलायचा. गावानं बोट त्याच्याकडेच दाखवलं. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी मारुतीच्या पारावर लोक जमले आणि मला म्हणाले, तू कॉलेजवाला, तूच सांग.

मी सांगितलं, "रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार नव्हताच असं नसतं. बाहेरून आलेल्यानंच आणला असेल."

पहिलं वाक्य अगदी बरोबर होतं. तेही फॉर्ममध्ये होतं.

चेतन तिथंच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मग मीच असेल."

शालिकच्या पोऱ्याचं त्या गावानं पहिल्यांदा ऐकलं, ते हे. चेतनला आजोबांच्या दहाव्याला घाटावर येऊ दिलं नाही. त्याचा बाप वर्षभर त्याच्याशी बोलला नाही.

आज त्या बागेचा माल मीच उचलतो. दिवाळीला चेतन येतो, तेव्हा पाहतो — अजून अंगणातच बसतो. त्याची आई चहा आणते, तर कप ओट्यावर ठेवायला सांगतो, ती मागं सरल्यावर उचलतो. साधी सर्दीसुद्धा नसते त्याला.

आबांवरचा माझा राग मी सोडणार नाही. पण चेतननं मला कधी पोऱ्या म्हटलं नव्हतं. तो मला नावानं हाक मारायचा. अजून मारतो.

मी कशाचाही भाव पाडतो. माझ्या या गुन्ह्याचा पाडत नाही.

चेतन, तू नव्हतास. मी होतो. आणि मला त्या सकाळीच माहीत होतं.